ग्लायडरची कार्यशाळा आणि विजेची करवत

बाल्साचं लाकूड इतकं मऊ असतं की त्यावर नखानं रेघ उमटते. सागाचा घनमीटर साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो. चांगला हलका बाल्सा शंभर ते दीडशे. आपल्या सावरीच्या दूरच्या नात्यातलं हे झाड, आणि सावरीसारखाच त्याच्याही बोंडातून कापूस निघतो. दाढीच्या ब्लेडनं हे लाकूड कापता येतं, आणि मॉडेल विमानं बनवणाऱ्या दोन-तीन पिढ्यांनी ते तसंच कापलं. मग ग्लायडर बनवायच्या खोलीत विजेवर चालणारी यंत्रं हवीत तरी कशाला?

हा प्रश्न माझ्यापुढे तात्त्विक म्हणून आला नाही, यादी म्हणून आला. आमच्या सोसायटीत तळमजल्यावरची एक खोली रिकामी होती. रविवारी सकाळी दोन तास सातवी ते दहावीतली काही मुलं तिथे येऊन ग्लायडर बनवतील असं ठरलं. पालकांनी आणि आम्ही मिळून थोडे पैसे जमवले. माझ्या एका मित्राचं अख्खं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं आहे. त्यानं एका बैठकीत यादी केली: बँडसॉ, स्क्रोल सॉ, डिस्क सँडर, ड्रिल प्रेस, छोटा टेबल सॉ, हातात धरायचं रोटरी टूल. पैसे यातल्या निम्म्याला पुरणारे होते. कात्री लावायचं काम माझ्याकडे आलं, आणि कात्री लावताना लक्षात आलं की मी यंत्रं निवडत नाहीये. दुसऱ्यांच्या मुलांनी कुठला धोका घ्यावा, कुठलं कष्टाचं काम करावं आणि कुठलं करू नये, हे मी परस्पर ठरवतोय.

डेव्हिड पाय नावाचा एक इंग्रज फर्निचर-डिझायनर होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये तो शिकवायचा. १९६८ साली त्यानं कारागिरीच्या स्वरूपावर एक छोटं पुस्तक लिहिलं. हातकाम आणि यंत्रकाम ही विभागणी त्याला निरर्थक वाटायची, कारण साध्या पटाशीपासून सगळीच अवजारं कुठल्या ना कुठल्या अर्थानं यंत्रं आहेत. त्याऐवजी त्यानं दुसरी विभागणी सुचवली: जोखमीची कारागिरी आणि खात्रीची कारागिरी. काम चालू असताना प्रत्येक क्षणी ते बिघडू शकतं, आणि ते बिघडणार की नाही हे करणाऱ्याच्या लक्षावर, हातावर आणि अंदाजावर ठरतं, ती पहिली. काम सुरू होण्याआधीच निकाल ठरलेला असतो, ती दुसरी. त्याचं उदाहरण सोपं आहे. पेनानं लिहिणं ही जोखमीची कारागिरी, छापखान्यातली छपाई ही खात्रीची. आणि या दोन टोकांच्या मध्ये पट्टी, साचा, टेकू अशा असंख्य गोष्टी बसतात, ज्या जोखीम थोडी थोडी कमी करत जातात.

ग्लायडरच्या पंखाला डायहेड्रल द्यायचा असतो, म्हणजे पंखाची टोकं मधल्या जोडापेक्षा वर उचललेली ठेवायची असतात. त्यासाठी दोन्ही अर्ध्या पंखांची मुळाकडची कड नेमक्या कोनात घासावी लागते. जुनी पद्धत अशी: पंख टेबलावर ठेवायचा, मुळाची कड टेबलाच्या कडेशी जुळवायची, टोकाखाली हव्या त्या उंचीचा ठोकळा सरकवायचा आणि काचकागद लावलेली पट्टी टेबलाच्या कडेला काटकोनात उभी धरून घासायचं. इथे वीज नाही, पण टेबलाची कड आणि टोकाखालचा ठोकळा मिळून एक यंत्रच आहे. हातानं केलं म्हणून छाती फुगवणाऱ्यानं ती टेबलाची कड काढून बघावी. पायची विभागणी मला आवडते ती यासाठी. ती कुणालाही फुकटचं पुण्य देत नाही.

पण पाय ज्या जोखमीबद्दल बोलतो ती वस्तूला असलेली जोखीम आहे. यादी हातात घेऊन बसल्यावर मला दुसरी जोखीम दिसायला लागली, ती करणाऱ्याच्या शरीराला असलेली. आणि गंमत अशी की या दोन्ही बहुतेक वेळा उलट्या दिशेनं चालतात. सुरीनं रिब कापताना लाकडाला सतत धोका असतो. बाल्साचे तंतू सुरीला आपल्या बाजूला ओढतात, रेषेवरून पातं कधी पळेल सांगता येत नाही. म्हणून मुलांना आधी हे शिकवावं लागतं की पातं पळालंच तर टाकाऊ भागाकडे पळेल, अशा दिशेनं कापा. बिघडलं तर एक रिब बिघडते, बोटाला फार तर बँडेज लागतं. टेबल सॉवर पट्ट्या कापताना मात्र लाकडाला धोका जवळजवळ नाही. फेन्स तीन मिलिमीटरवर लावली की पन्नास पट्ट्या तीनच मिलिमीटरच्या निघतात. धोका सगळा बोटांकडे सरकतो. म्हणजे यंत्रानं जोखीम संपवली नाही, लाकडातून काढून माणसात घातली. यंत्राच्या माहितीपत्रकात अचूकतेचे आकडे मोठ्या अक्षरात असतात, आणि हा सौदा शेवटच्या पानावर सुरक्षेच्या सूचनांत.

टेबल सॉवरून माझं आणि मित्राचं चांगलंच वाजलं.

"अरे, हात शाबूत ठेवून यंत्र चालवायला शिकवणं, हेच तर शिकवणं," तो म्हणाला.

"तुला शिकायला किती वर्षं लागली?"

"अ‍ॅप्रेंटिसशिप धरून चार."

"आपल्याकडे रविवारचे दोन तास आहेत."

त्यावर तो गप्प बसला, पण पटल्यामुळे नाही. त्याचं म्हणणं असं होतं, आणि आजही आहे, की धोक्यापासून लांब ठेवलेलं मूल पुढे धोक्यासमोर उभं राहिलं की जास्त मूर्खपणा करतं. यात तथ्य आहे. पण धोका स्वतः पत्करणं आणि दुसऱ्यासाठी धोका मांडून ठेवणं यांत मला फरक वाटतो. तेरा वर्षांचं मूल 'मला चालेल' म्हणतं तेव्हा त्याच्या होकाराला अर्थ नसतो असं मी म्हणत नाही. पण बोट गेल्यावर पन्नास वर्षं बोटाशिवाय जगणाऱ्या माणसाला त्या सकाळी कुणी विचारलेलं नसतं.

या वादाची मोठी आवृत्ती अमेरिकेत पंचवीस वर्षं चालू आहे. स्टीफन गॅस हा पेटंट-वकील, शिक्षणानं भौतिकशास्त्रज्ञ आणि हौसेनं सुतारकाम करणारा. त्यानं १९९९च्या सुमारास अशी युक्ती काढली की फिरत्या पात्याला ओलसर त्वचा लागताच विद्युत संकेत बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा पात्यात घुसून ते काही मिलिसेकंदांत थांबवतो. पातं आणि ठोकळा दोन्ही वाया जातात, बोटावर ओरखडा राहतो. प्रात्यक्षिकाला तो सॉसेज वापरायचा. मोठ्या कंपन्यांनी परवाना घेतला नाही, म्हणून त्यानं 'सॉस्टॉप' नावानं स्वतःच यंत्रं बनवायला घेतली. पुढे ही सोय सक्तीची करावी का यावर सरकारी ग्राहकसुरक्षा आयोगापुढे वर्षानुवर्षं खल झाला. विरोध करणाऱ्यांचे मुद्दे ओळखीचे होते: किंमत वाढेल, एकाच माणसाच्या पेटंटचं भलं होईल, आणि माणसं निष्काळजी होतील. पेटंटचा मुद्दा खराच गंभीर आहे. निष्काळजीपणाचा मुद्दा मात्र मला नेहमी दुसऱ्याच्या बोटांबद्दल बोलताना सुचणारा वाटतो. जिन्याला कठडा लावला म्हणून आपल्यापैकी कोण जास्त धडपडायला लागलं?

आपल्याकडे हा वाद त्या पातळीवर पोचतच नाही. आमची टेबलं करायला आलेल्या सुतारकाकांनी हातातला सर्क्युलर सॉ उलटा करून प्लायच्या खाली स्क्रूनं बसवला, प्लायला चिरेतून पातं वर काढलं, स्विच दाबलेल्या स्थितीत चिकटपट्टीनं बांधला आणि बोर्डावरचं बटण चालू-बंद करत दिवसभर काम केलं. गार्ड पिशवीत होतं. पुण्यामुंबईत इंटिरियरचं काम चालू असलेल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये हेच दिसेल. मी गार्डबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "साहेब, गार्ड लावलं तर दिवसाला दोन शटर कमी होतात." त्यांना मजुरी चौरस फुटावर मिळते. म्हणजे बोटांचा धोका त्यांनी पत्करला होता हे जितकं खरं, तितकंच तो दर ठरवणाऱ्यांनी, म्हणजे आम्ही, त्यांच्याकडून विकत घेतला होता हेही खरं. आमच्या खोलीत टेबल सॉ नको म्हणणारा मी आणि त्याच खोलीतल्या टेबलांसाठी घासाघीस करणारा मी, हे दोघे एकाच सोफ्यावर बसतात. शेवटी टेबलांचा दर वाढवून दिला, गार्ड लावायच्या अटीवर. काकांनी ते लावलं. आम्ही चहाला गेलो तेव्हा काय केलं ते मला माहीत नाही.

टेबल सॉच्या विरोधात आणखी एक मुद्दा होता, आणि मित्राला तोच पटला, कारण तो हिशेबाचा होता. गोल पातं लाकडात साधारण दोन मिलिमीटरची चीर पाडतं. तीन मिलिमीटरच्या पट्ट्या काढताना प्रत्येक पट्टीमागे दोन मिलिमीटरचा भुसा, म्हणजे शंभरातले चाळीस रुपये जमिनीवर. पट्टीला टेकवून ओढायच्या साध्या पात्यात हा तोटा शून्य. बाल्सा येतो मुख्यतः इक्वेडोरमधून. पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यातही तो वापरतात, आणि २०२०च्या आसपास ती मागणी एकदम वाढली तेव्हा तिथल्या अ‍ॅमेझॉनच्या भागात आदिवासींच्या जमिनींवरची झाडंही तोडली गेली. आमच्या आठ-दहा शीट्सनी त्यात काही फरक पडत नाही, पण इतक्या लांबून आलेल्या लाकडाचा चाळीस टक्के भुसा करायला मन धजेना.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी सगळीच यंत्रं नाकारणार. तसं वाटायला लागलेलं मलाही आवडलं नसतं. हातकामाची पूजा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना दिवसाचे आठ तास हातकाम करावं लागत नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांत नववीतला एक मुलगा आहे. जन्मापासून त्याच्या उजव्या हाताला ताठरपणा आहे आणि बारीक काम करताना हात थरथरतो. पहिल्या रविवारी त्याची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, याला चिकटवायचं काम द्या. कापायचं नको." तो ऐकत होता. सुरी हातात घेतल्यावर ती स्थिर ठेवायला तो इतका जोर द्यायचा की बाल्सा कापला न जाता चेपायचा. सुरीचा हा शिष्टाचार, हलका हात आणि तीन-चार वेळा फिरवलेलं पातं, शरीराबद्दल काहीतरी गृहीत धरतो, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

डिस्क सँडर आम्ही त्याच्यासाठी घेतला असं नाही. यादीत तो होताच. पण यंत्र आल्यावर झालं असं: सँडरच्या छोट्या टेबलाला हव्या त्या कोनात कलवता येतं, आणि त्याच्या खाचेत सरकणारा गुण्या असतो. लाकूड गुण्याला टेकवून दोन्ही हातांनी गुण्याच सरकवायचा. हात थरथरला तरी ती थरथर गुण्यापर्यंत येऊन थांबते. चकतीची जी बाजू खाली येते त्याच बाजूला काम करायचं, म्हणजे लाकूड टेबलावर दाबलं जातं, उडत नाही. बोटं चकतीपासून चांगली वीतभर लांब. दोन रविवारांत तो पंखांच्या मुळाच्या कडा इतक्या नेमक्या घासायला लागला की बाकीची मुलं आपापले पंख घेऊन त्याच्यापुढे रांग लावायला लागली. त्या सत्रातल्या पाचही ग्लायडरांचा डायहेड्रल त्याच्या हातचा आहे. 'त्याच्या हातचा' हा शब्द मी विचार करून वापरतोय.

अमेरिकेत दोरीवर उडवायच्या कसरतींच्या विमानांच्या स्पर्धांमध्ये एक जुना नियम होता, की उडवणाऱ्यानंच विमान बनवलेलं असलं पाहिजे. त्यावरून तिथे दशकानुदशकं भांडणं झाली. तयार कापलेल्या भागांचा संच चालेल का, आधीच लाकूड चढवलेला पंख चालेल का, बनवणं कुठे सुरू होतं? रेघ ओढायला गेलं की ती हलते. या मुलाकडे पाहिल्यावर मला तो प्रश्न निदान एका बाजूनं सुटल्यासारखा वाटतो. यंत्रानं त्याच्याकडून काही काढून घेतलं नाही. कुठला कोन, किती घासायचं, कधी थांबायचं, हे सगळं त्याच्याकडेच राहिलं. गेला तो फक्त शरीराचा अडथळा.

गांधीजी यंत्रविरोधी होते असं आपण सरसकट म्हणतो, आणि 'हिंद स्वराज' वाचून तसं वाटतंही. पण १९२४ साली त्यांना कुणी सरळ विचारलं तेव्हा ते म्हणाले होते की आपलं शरीर हेच एक नाजूक यंत्र आहे, चरखा यंत्र आहे, दात कोरायची काडीसुद्धा यंत्रच. त्यांचा विरोध होता तो यंत्रांच्या वेडाला. सिंगरच्या शिवणयंत्राला त्यांनी उघड सूट दिली. बायकोचे हातशिलाईचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरनं ते यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९२९मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी मला कुठल्याही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेल्या. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालवता आलं पाहिजे, बाईला आठ तास फार थकवा न येता काम करता आलं पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. हा यंत्रखरेदीचा स्पेसिफिकेशनचा कागद आहे आणि तोच नीतीचा कागदही आहे. कोण चालवणार, कुठे, किती वेळ, किती थकून, किती पैशांत. यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्न त्यात येतच नाही.

तोच कागद समोर ठेवून यादी पुन्हा पाहिली. ड्रिल प्रेस राहिली. दोन्ही पंखांत खुंटीची भोकं एका रेषेत पडली नाहीत तर पंखांचे कोन वेगळे होतात आणि ग्लायडर एका अंगाला वळत राहतो. गिरमिटानं सरळ भोक पाडायला शिकण्यात मुलांची वर्षं घालवण्यात मला अर्थ दिसला नाही. नाकाशी लागणाऱ्या प्लायच्या फॉर्मरसाठी स्क्रोल सॉ घेतला. त्याचं पातं बारीक असतं आणि जागच्या जागी वरखाली होतं. चूक झाली तर जखम होते, बोट जाण्याची वेळ सहसा येत नाही. बँडसॉ त्याहून कितीतरी कामाचा, हे मित्राचं म्हणणं मला मान्य आहे, पण तो हाडाला आणि प्लायला एकच समजतो.

आणि यादीत नसलेली एक गोष्ट सगळ्यांत आधी घेतली: भुसा ओढून घेणारा व्हॅक्यूम. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, आयएआरसीनं, लाकडाची धूळ १९९५ सालीच माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. (बाल्सा एवढा मऊ, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो हार्डवुड. नावांवर किती विश्वास ठेवावा याचा हा नमुना.) करवतीचा धोका ती चालवणाऱ्यापुरता असतो. धुळीचं तसं नाही. सँडर चालवणारा तोंडाला मास्क लावतो आणि कोपऱ्यात गोंद लावत बसलेली मुलगी त्याची धूळ श्वासात घेते. ज्याला यंत्राचा फायदा नाही त्याच्या वाट्याला त्याचा भुसा, हे खोलीबाहेरच्या जगात इतकं सर्रास चालतं की खोलीत तरी ते नको असं वाटलं. मित्राला आधी व्हॅक्यूम आणि मग यंत्रं हा क्रम हास्यास्पद वाटला. यंत्र नसताना भुसा कसला ओढणार? पैसे उरले नाहीत तर व्हॅक्यूम कायमचा राहून जातो, हे मात्र त्यालाही ठाऊक होतं. कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते मी सांगायची गरज नव्हती.

लेझर कटरचा प्रश्न अजून सुटलेला नाही. घ्यायची ऐपत नाही, पण शहरात मिनिटाच्या दरानं कापून देणारी दुकानं आहेत. दोघा मुलांनी रिब्ज तिथून कापून आणल्या. वीस मिनिटांचं काम. त्याच आठवड्यात त्यांचा ग्लायडर उडाला, आपटला, दुरुस्त झाला, पुन्हा उडाला. नाकात वजन किती घालायचं हे ती दोघं इतरांच्या आधी शिकली. आठवीतल्या एका मुलीनं बावीस रिब्ज सुरीनं कापल्या. तीन रविवार लागले. पण त्या तीन रविवारांत तिला शीट हातात घेऊन किंचित वाकवली की कळायला लागलं, ही ताठ आहे, ठिपकेदार चमक आहे, रिब्जना चांगली. ही लवचीक आहे, पंखाच्या पुढच्या गोलाईवर गुंडाळायला ठेवा. लेझरला हे कळायची गरज नसते. जी शीट द्याल ती तो तितक्याच सुबकपणे कापतो, चुकीचीसुद्धा. पायच्या भाषेत खात्रीची कारागिरी. पण खात्री फक्त आकाराची.

म्हणून कापणं पवित्र आहे असं मी म्हणणार नाही. सुरीनं कापल्यामुळे तिला लाकूड कळलं, की तीन रविवार लाकूड हाताळल्यामुळे, हे मला नीट वेगळं करता येत नाही. मित्र म्हणतो दुसरं. त्याच्या मते रिब्ज बाहेरून आणाव्या आणि वाचलेले तीन रविवार मुलांना निव्वळ लाकूड वाकवून, तोलून, मोडून बघायला द्यावेत. युक्तिवाद बिनतोड आहे. पण कशासाठी तरी कापायचं नसेल तर तेरा वर्षांचं कुठलं मूल तीन रविवार लाकूड वाकवत बसेल?

गेल्या महिन्यात त्याच मुलीनं विचारलं, "काका, पुढच्या ग्लायडरच्या रिब्ज मी कॉम्प्युटरवर काढल्या आणि लेझरनं कापून आणल्या तर चालेल?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विचार करून सांगतो म्हणालो. तिनं आमची वाट पाहिलेली नाही. ड्रॉइंग तयार आहे. घरातल्या काट्यावर आठ शीट्स तोलून प्रत्येकीवर पेन्सिलीनं ग्रॅम लिहून ठेवले आहेत, आणि सर्वांत हलक्या दोन शीट्सवर बाण काढून लिहिलंय: टोकाकडच्या रिब्ज.